न कळलेले, न आवडलेले आणि वाईट

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी २६ वर्षांची एक वाचक टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात धडपडत शिकलेले इंग्रजी, अशा भाषांत ती वाढली. गेली सहा-सात वर्षे ती हिप-हॉप, म्हणजे ठेक्यावर शब्द म्हणण्याचे (रॅपचे) संगीत, ऐकते आणि कॉलेजच्या पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या अल्बमांविषयी लिहिते. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ हा अल्बम आला तेव्हा तिने ‘अप्रतिम’ असे लिहिले, कारण सगळीकडे तसेच म्हटले जात होते. प्रत्यक्षात त्याच्या आधीच्या कामापुढे तो तिला हलका वाटला होता. काही महिन्यांनी तिने हे सांगून टाकले, तेव्हा पुण्यात नोकरीला असलेला एक मित्र म्हणाला, ‘सोलापुरात बसून तुला काय कळणार? ते आयुष्य तू जगलेली नाहीस, अर्धे शब्द तुला समजत नाहीत.’ तेव्हापासून तिने लिहिणे बंद केले आहे. दुसरा सल असा की, आवडत्या अल्बमांत बायकांविषयी येणारे शब्द तिला टोचतात. घरी बिड्या वळत बसलेल्या आईसमोर ही गाणी लावता येत नाहीत. एकदा आईनेच विचारले, ‘हा एवढ्या घाईघाईने सांगतोय तरी काय?’ आणि तिला उत्तर देता आले नाही. ‘मत मांडण्याचा मला अधिकार आहे का?’ असा तिचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात ‘अधिकार’ हा शब्द चार वेळा आला आहे, आणि ‘ऐकले’ हा शब्द एकदाच. पत्र पुन्हा वाचताना हे लक्षात आले आणि मला वाटले की उत्तराची सुरुवात इथूनच करावी. मित्राचे बोलणे तुम्हाला इतके का लागले, याचे कारण तुम्ही सोलापुरात राहता हे नाही. ‘जीएनएक्स’ आला त्या दिवशी तुम्ही जे लिहिले ते तुमचे मत नव्हते, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे कोणी बोट ठेवताच ती जागा दुखली. म्हणून अधिकाराचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि ते ‘अप्रतिम’ कुठून आले ते पाहू.

जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत रूढ झाली. शुक्रवारी अल्बम येतो आणि शनिवार उजाडायच्या आत त्याला गुण देऊन झालेले असतात. ‘जीएनएक्स’ तर २२ नोव्हेंबर २०२४ रोजी कसलीही पूर्वसूचना न देता आला. बारा गाणी, पाऊण तासाच्या आतला अल्बम. पण तो एकदा तरी सलग ऐकून होण्याआधीच लोकांचे निवाडे वाचायला मिळत होते. अशा वेळी आपल्या कानाला काय वाटले हे आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. टायलर, द क्रिएटर या रॅपरने त्याच वर्षी ‘क्रोमाकोपिया’ हा अल्बम शुक्रवारऐवजी सोमवारी, २८ ऑक्टोबरला आणला. कामावर जाता-येता, आठवड्याच्या रोजच्या रहाटीत तो ऐकला जावा हा विचार मला फार पटतो. नवा टॉवेल दोन-तीन धुण्यांशिवाय पाणी नीट टिपत नाही, हे टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. अल्बमलाही तेवढी धुणी द्यावी लागतात.

हे मी अनुभवाने शिकले आहे. लमारचाच ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’ मे २०२२ मध्ये आला. नऊ-नऊ गाण्यांचे दोन भाग, सव्वा तासाच्या आसपासचा पसारा. मी तो स्वयंपाक करता करता एकदा ऐकला आणि त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीला ‘लांबण लावली आहे’ असे ठामपणे सांगून मोकळी झाले. पुढे वर्षभराने, एका रात्री वीज गेलेली असताना आणि शेजारचे यंत्रमाग बंद पडल्याने गल्ली शांत झालेली असताना, मी ‘मदर आय सोबर’ हे गाणे पुन्हा लावले. लहानपणी घरात पाहिलेली मारहाण, आईची काळजी, आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला असावा हा घरच्यांचा संशय, आणि हे सारे एका पिढीकडून दुसरीकडे कसे सरकत जाते, हे तो अगदी खालच्या आवाजात, कसलाही तोरा न मिरवता सांगतो. माझ्या लांबणीच्या तक्रारीत थोडे तथ्य होतेच, अजूनही आहे. पण ते गाणे मी ऐकलेलेच नव्हते, ते फक्त माझ्या स्वयंपाकघरात वाजून गेले होते. मैत्रिणीला मी पुन्हा फोन करून तसे सांगितले. मत बदलल्याने आपली पत जाते असे तुम्ही पत्रात सुचवता. माझा अनुभव असा आहे की, बदललेले मत कारणासह सांगितले तर ऐकणारा पुढच्या वेळी अधिक लक्ष देऊन ऐकतो.

आता ‘हलका’ या तुमच्या शब्दाकडे येऊ. न कळणे, न आवडणे आणि वाईट असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुतेक जण त्या एकाच शब्दात कोंबतो. ‘जीएनएक्स’ हे नाव १९८७ सालच्या एका ब्यूक मोटारीचे आहे. लमारचा जन्मही त्याच वर्षीचा. हा अल्बम लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर, गाडीच्या काचा हादरवत वाजावा अशा बेताने केलेला आहे. त्यात पाहुणे म्हणून घेतलेले बरेचसे रॅपर त्या शहराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, आणि मारिआची या मेक्सिकन पारंपरिक संगीताची गायिका डेइरा बारेरा हिचा आवाज मध्येमध्ये येतो तोही त्या शहरातल्या मेक्सिकन वस्तीची आठवण करून देण्यासाठी, असे मला वाटते. ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’ या २०१५ सालच्या अल्बममध्ये जॅझचे वादक होते, एकेक गाणे वळणे घेत जात होते. तो अल्बम मनात धरून ‘जीएनएक्स’ ऐकला तर तो हलका वाटणारच, कारण कीर्तनाची अपेक्षा घेऊन आपण लेझीम पाहायला गेलेलो असतो. लेझीम चांगली झाली की नाही, हा प्रश्न तरीही उरतो आणि तोच विचारण्याजोगा आहे.

एक साधी गोष्टही तपासा. तुम्ही हे अल्बम बहुतेक वेळा फोनच्याच स्पीकरवर, आवाज लहान ठेवून ऐकता असे लिहिले आहे. हिप-हॉपच्या ठेक्याचा पाया असलेला खोल बास, जो १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्रापासून या संगीतात रुजला, तो फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून जवळजवळ उमटतच नाही. म्हणजे गाण्याचा खालचा मजला तुम्ही पाहिलेलाच नसतो. कोणाकडे बरा हेडफोन किंवा मोठा स्पीकर असेल तर एकदा त्यावर ऐका. त्यानंतरही हलका वाटला तर तसे जरूर म्हणा. फक्त कशात हलका, हे सांगा. ‘जीएनएक्स’मधल्या ‘ल्यूथर’ या गाण्यात ल्यूथर व्हॅन्ड्रॉस आणि शेरिल लिन यांच्या १९८२ सालच्या युगुलगीताचा तुकडा घेऊन त्यावर जे बांधले आहे, ते तुम्हाला गोड पण पोकळ वाटते का? ‘रिइनकार्नेटेड’मध्ये तो आपल्या मागच्या जन्मांतल्या कलाकारांच्या तोंडून बोलतो आणि शेवटी देवाशी त्याचा संवाद होतो, तेही हलके का? माझे विचाराल तर ‘रिइनकार्नेटेड’ हे एक गाणे मला त्या अल्बमपेक्षा मोठे वाटते, आणि बाकीच्या दोन-तीन गाण्यांत शब्दांपेक्षा तोराच जास्त आहे. तुमचे उत्तर निराळे असेल. पण ते गाण्यागणिक असेल तर ‘तुला काय कळते’ असे म्हणून कोणी ते उडवून लावू शकणार नाही. त्यालाही मग गाण्यागणिकच बोलावे लागेल.

मित्राच्या म्हणण्यात अर्धे खरे आहे, आणि ते आधी मान्य करणे मला योग्य वाटते. शब्द समजत नसतील तर त्या ओळींविषयी निवाडा देऊ नये. बोल डोळ्यांसमोर ठेवून एकदा तरी वाचावेत, बोलीतला शब्द अडला तर त्याचा अर्थ शोधावा, आणि तरीही उमगला नाही तर ‘ही ओळ मला लागली नाही’ असे लिहावे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलाकार आपसांत जो एक शब्द वापरतात तो आपण गाण्याबरोबर गुणगुणतानाही तोंडात घेऊ नये. जातिवाचक शब्द ज्यांच्यावर फेकले गेले त्यांनी ते स्वतः उच्चारणे आणि इतरांनी उच्चारणे यांतला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तोच इथेही लागू आहे. लॉस एंजेलिसजवळच्या काँप्टन या लमारच्या गावातले पोलीस, तिथल्या टोळ्या, तिथली भीती यांविषयी आपण ऐकणारे आहोत, साक्षीदार नाही. एवढी मर्यादा तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे आणि तुमच्या मित्रावरही आहे. पुणे सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर आहे. तिथे गेल्याने कोणी काँप्टनच्या जवळ पोहोचत नाही.

उरलेले अर्धे मात्र मला मुळीच मान्य नाही. ठेक्यावर शब्द कुठे पडतो, कुठे तो मुद्दाम मागे रेंगाळतो, कोणता आवाज थकलेला आहे आणि कोणता थकल्याचे सोंग करतो, हे ऐकायला पारपत्र लागत नाही. तुम्ही तर अशा शहरात वाढलात जिथे एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कानडी, चौकात दखनी आणि कचेरीत मराठी असते. बोलणारा कुठून आला आहे हे तुमचा कान दोन वाक्यांत ओळखतो. या संगीताला असाच कान लागतो. हनुमानकाइंड हा रॅपर केरळात जन्मला, ह्यूस्टनमध्ये वाढला आणि बंगळुरूमध्ये नावारूपाला आला. जुलै २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ‘मॉन्सून सीझन’ या मिक्सटेपमध्ये (म्हणजे अल्बमसारख्याच गाण्यांच्या संग्रहात) उच्चार अमेरिकेकडे आणि ताल इकडे असे कुठे-कुठे झाले आहे, ते तुम्हाला पुण्या-मुंबईतल्या समीक्षकापेक्षा लवकर ऐकू येईल. दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या रॅपरांच्या जोडीचा २०२३ सालचा तीस गाण्यांचा ‘लंच ब्रेक’ तुम्ही ऐकला असेल. त्यात हिंदीतली शिवी कुठे नुसती भरतीची आहे आणि कुठे ठेका तोलून धरते, हे सांगायला तुम्हाला कोणाची परवानगी हवी आहे?

कान तयार करण्याचा एक उपाय माझ्या उपयोगाला आला तो सांगते. अठराव्या शतकात याच सोलापुरात जन्मलेल्या राम जोशी यांची एक प्रसिद्ध ओळ आहे: ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिसी का शिरी, मठाची उठाठेव का तरी’. ती मोठ्याने म्हणा आणि ‘ट’ आणि ‘ठ’ कुठे कुठे आदळतात ते बोटांवर मोजा. यमक ओळीच्या शेवटी यायची वाट पाहत नाही, ते आतल्या आत फिरत राहते आणि त्या फिरण्यातच भोंदूपणावरचा राग साठतो. मग लगेच तुमच्या आवडत्या रॅपरचे एक कडवे बोल समोर ठेवून तसेच मोठ्याने म्हणा. अर्थ न लागलेल्या ओळीचीही बांधणी तुमच्या जिभेला कळू लागेल. हे सांगताना एक धोकाही सांगून ठेवते. ‘आमच्याकडे हे आधीपासून होतेच’ असे म्हणून मित्राला किंवा घरच्यांना गप्प करण्यासाठी राम जोशींना वापरू नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये डीजे कूल हर्क यांच्या मेजवानीतून जे सुरू झाले ते तिथल्या माणसांचे आहे. त्याला आपल्या घरचे नाव देऊन त्याचा मान वाढत नाही आणि आपलाही वाढत नाही.

बायकांविषयीच्या शब्दांचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे, आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही, फक्त काही वर्षांची सवय आहे. पहिल्यांदा, ते टोचणे बोथट करून घेऊ नका. ‘या संगीतात हे असतेच’ असे म्हणून पुढे जाणाऱ्याने आपल्या ऐकण्यातला एक भाग बंद करून टाकलेला असतो. ‘मिस्टर मोराल’मधलेच ‘वी क्राय टुगेदर’ घ्या. लमार आणि अभिनेत्री टेलर पेज जवळजवळ सहा मिनिटे एकमेकांना घाणेरड्या शिव्या देत भांडतात. ते आईसमोर लावता येणार नाही, मीही घरात कोणी नसतानाच ऐकले. पण त्यात शिवी मिरवलेली नाही. भिंतीपलीकडून ऐकू येणारे भांडण जसे ऐकवत नाही, तसे ते न ऐकवणारेच ठेवले आहे. याउलट कित्येक गाण्यांत बाई ही घड्याळ आणि गाडी यांच्या यादीतली तिसरी वस्तू असते आणि गाणे त्यावर खूश असते. ही दोन्ही एकाच तराजूत टाकणे अन्याय आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याची ढाल देणे हाही अन्यायच.

क्लिप्स या दोघा अमेरिकन रॅपर भावांचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ जुलै २०२५ मध्ये आला. २००९ नंतरचा हा त्यांचा पहिला अल्बम, संगीत-निर्माता फॅरेल विल्यम्सने घडवलेला. पहिले गाणे ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’: त्यांचे आई-वडील काही महिन्यांच्या अंतराने गेले, त्याविषयी. धाकटा पुशा टी आईविषयी बोलतो, थोरला मॅलिस वडिलांविषयी. शेवटचे बोलणे काय झाले, त्यातले काय तेव्हा ध्यानात आले नाही, हे ते सांगतात. आणि मग उरलेल्या अल्बमचा मोठा भाग कोकेन विकून मिळवलेल्या ऐश्वर्याच्या फुशारकीत जातो. कारागिरी अशी की एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. हा अल्बम मला अतिशय आवडतो आणि त्यातला अर्धा भाग मला पटत नाही, आणि ही दोन्ही विधाने मी एकाच श्वासात करते. तुम्हालाही तसे करता येईल. ‘आवडते म्हणजे मान्य आहे’ हे समीकरण तुम्ही स्वतःवर लादले आहे. ते सोडले की तुमच्या लिहिण्यात ‘इथे मला टोचले’ या वाक्याला जागा मिळेल. चार पुरुष मित्रांच्या ग्रुपवर हे वाक्य दुसरे कोणी लिहीत नसेल, तर तुम्ही गप्प बसल्याने त्यांचेही नुकसानच झाले आहे.

बायकांच्या तोंडून आलेले काम मुद्दाम शोधून ऐका, हेही सांगते. डोईची या रॅपर स्त्रीची ‘ॲलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ ही मिक्सटेप ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले; फ्यूजीस या गटातली लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती तिसरीच स्त्री. ‘डिनायल इज अ रिव्हर’मध्ये ती स्वतःच्याच दुसऱ्या आवाजाशी, डॉक्टरसमोर बसल्यासारखी बोलत जाते आणि शेवटी शब्द संपून नुसता श्वास उरतो. तो श्वासही ठेक्यात आहे. ते ऐकल्यावर इतर अल्बमांत काय नाही, हे आपोआप जाणवू लागते.

तुमच्यासारख्या आणखी काही वाचकांची पत्रे माझ्याकडे आहेत. कोणाला वाचनाविषयी, कोणाला सिनेमाविषयी हीच धास्ती आहे. त्या सगळ्यांना उपयोगी पडावे म्हणून मी स्वतः काय करते ते लिहिते. नवा अल्बम आला की पहिले ऐकणे होईपर्यंत मी त्याविषयी एक अक्षर वाचत नाही. ऐकताना एका साध्या वहीत गाण्याचा क्रमांक आणि एखाद-दुसरा शब्द, एवढेच लिहिते. ‘४: कंटाळा’, ‘७: पुन्हा’ असे. दुसऱ्या वेळी बोल समोर ठेवते. तिसरे ऐकणे आठवड्याने, चालताना किंवा बसमध्ये. त्यानंतर दुसऱ्यांची मते वाचते, आणि ज्याचे मत माझ्या अगदी उलट आहे त्याचेच आधी वाचते. वहीतल्या पहिल्या दिवसाच्या नोंदी खोडत नाही, कारण आपण कशाला भुललो होतो हे नंतर तिथेच सापडते. एवढे सगळे प्रत्येक अल्बमसाठी करायची गरज नाही. वर्षाला आठ-दहा अल्बम असे ऐकले तरी पुष्कळ झाले. बाकीचे ऐकावेत आणि त्यांच्याविषयी काही न बोलता राहावे.

ग्रुपवर पुन्हा लिहायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी लिहावे असे म्हणेन. मित्राशी वाद उकरून काढू नका आणि माफीही मागू नका. ‘जीएनएक्स आला त्या दिवशी मी दुसऱ्यांचे मत लिहिले होते, आता माझे लिहिते,’ एवढ्या वाक्याने सुरुवात करा, किती वेळा आणि कशावर ऐकला ते सांगा, आणि मग गाण्यागणिक लिहा. जिथे शब्द लागले नाहीत तिथे त्यालाच विचारा. तो खरोखर जाणकार असेल तर त्याला ते आवडेल.

आणि आईचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे, कारण त्याचे उत्तर इंग्रजीतल्या उसन्या शब्दांत देताच येणार नाही. ते तेलुगूत, आईला रोज ऐकण्याची सवय असलेल्या शब्दांतच द्यावे लागेल. सुरुवात ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’पासून करा. एखाद्या दुपारी तिच्या शेजारी बसा, दोन भाऊ गेलेल्या आई-वडिलांविषयी बोलत आहेत एवढे आधी सांगा आणि मग गाणे लावा. ती मध्येच काही विचारू लागली, तिच्या आईची काही आठवण सांगू लागली, तर गाणे थांबवा आणि आधी तिचे पुरते ऐकून घ्या.